एंजलची जोडी जमली आणि टाकीत मारामारी सुरू, काय करू?

अनगोळचा_मासेवाला
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, ३ बाय दीड बाय दीड. पाच एंजल, म्हणजे एंजलफिश, सगळे रुपयाच्या नाण्याएवढे असताना एकदम आणलेले, आता चांगले हाताएवढे झालेत. सोबत तळाशी फिरणारे सहा कोरी, काच चाटणारा एक सकर आणि बारीक निऑन टेट्रा. परवापर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं आणि आता एक सिल्वर आणि एक मार्बल रंगाचा, ह्या दोघा एंजलनी फिल्टरच्या पाइपाकडचा कोपरा धरलाय, तिकडं कोण फिरकलं की धावून मारूलालेत. बाकीचे तिघं हीटरच्या मागं उभे, खायला टाकलं तरी पुढं यायला भितात, एकाची शेपटी फाटलीय. त्यात निऑन पण कमी दिसूलालेत, दहा होते आता सहाच, मेलेला एकही सापडला नाही, टाकीला झाकण आहे म्हणजे उडी मारून पण गेले नसणार. दुकानदार म्हणतो अजून दोन एंजल टाका म्हणजे मार वाटला जातोय. आई म्हणते सगळेच देऊन टाक, घरात भांडणं कमी हायत का. कुणाचं ऐकू?

निपाणीकर_पाटील
नाव बघून मी बांगड्याचा भाव विचारायला आत आलो 😄

वडगावची_अक्का
पाटील गप बसा हो जरा. अनगोळकर, पाइपावर नाहीतर काचेवर अंडी दिसतात काय ते आधी बघ. बारीक, पिवळसर पारदर्शक दाणे, ओळीनं चिकटवल्यासारखे. अंडी नसली तरी ती दोघं पाइपाला तोंड लावून घासल्यासारखं करतात का? ते जागा साफ करणं असतंय. दिसलं तर समज जोडी जमली, आणि जोडी जमलेले एंजल म्हणजे ती टाकी त्यांची, बाकीचे सगळे घुसखोर. आणि दुकानदाराचं तर बिलकुल ऐकू नकोस. आधीच हद्द आखलेल्या टाकीत नवीन एंजल सोडला की पहिला मार त्यालाच बसतो.

अनगोळचा_मासेवाला
अक्का, अंडी नाहीत पण पाइप घासूलालेत हे खरं. मला वाटलं शेवाळ खातात.

टायगर_चिकोडी
शेवाळ कुठलं खातात ते, तो काय सकर हाय काय 😂 दादा तुमची टाकी लई भारी असणार, फोटो टाका की. माझा पण एक प्रश्न हाय, मी एंजलसोबत टायगर बार्ब टाकणार हाय, सहा आणायचा विचार हाय, चालतंय ना?

खानापूर_जंगलकाठ
चालत नाही बाबा. टायगर बार्बला एंजलच्या पोटाखालच्या त्या दोन लांब दोऱ्या दिसल्या की तो कुरतडल्याशिवाय राहत नाही, वरचा आणि खालचा पंख पण सोडत नाही. सर्पे टेट्राचं पण तेच. ब्लॅक विडो टेट्रा घोळक्यानं ठेवला तर बरेचदा ठीक चालतो, पण त्याचाही भरवसा नाही.

आता मूळ प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे दर महिन्याला कुणीतरी विचारतंय. एंजल दिसायला कितीही सोज्वळ असला तरी तो सिक्लिड आहे, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नच्या खानदानातला. दुकानात हे कुणी सांगत नाही, तिथं त्याला गप्पी-मॉलीच्या शेजारच्या टाकीत ठेवलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं तसलाच असेल. ॲमेझॉनच्या खोऱ्यात संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि मुळांच्या जाळ्यात राहणारा मासा आहे हा. अंग असं चपटं आणि उंच आहे ते उभ्या फांद्यांमधून सटकायला, आणि ते काळे पट्टे लपायला. लपतो कशासाठी, तर अर्धं जीव वाचवायला आणि अर्धं शिकार करायला. किडे, कोळंबीची पिल्लं, बारीक मासे, तोंडात मावेल ते गट्टम.

त्यामुळं तुमच्या निऑनचं कोडं सुटलं. निऑन वाढून वाढून तीनेक सेंटिमीटर, अंगानं बारीक. एंजल रुपयाएवढे असताना दोघं एकत्र फिरत होते म्हणून वाटलं दोस्ती झाली. एंजलचं तोंड मोठं झालं तशी दोस्ती संपली. बहुतेक वेळा पहाटे, लाइट लागायच्या आधी, निऑन अर्धवट झोपेत असताना होतं हे, म्हणून तुम्हाला मेलेला दिसत नाही. उरलेले सहा आजच दुसरीकडं हलवा.

शहापूर_विणकर
काका थोडं थांबा, माझ्याकडं कार्डिनल टेट्रा आणि एंजल एकत्र हायत आणि एक पण कमी झाला नाही. कार्डिनल जरा मोठे असतात निऑनपेक्षा.

खानापूर_जंगलकाठ
होतं तसं पण. एंजल लहान असताना कार्डिनल आधीपासून टाकीत मोठे असतील, झाडं दाट असतील, एंजलचं पोट भरलेलं असेल, तर काही टाक्यांत निभावतं. पण निभावतं म्हणजे नक्की चालतं असं नाही. कार्डिनल लांबीला थोडा जास्त पण अंगकाठी तशीच बारीक. मी नवीन माणसाला रमीनोज टेट्रा सांगीन, तो पाचेक सेंटिमीटर होतो, चपळ असतो, आणि एंजलला लागणारं २६ ते २८ डिग्रीचं पाणी त्याला आवडतं. निऑनला खरं तर त्याहून गार पाणी बरं.

अनगोळचा_मासेवाला
निऑन शेजारच्या पोराच्या टाकीत सोडले आत्ताच, तो खूश. पण बाकीच्या तिघांचं काय?

वडगावची_अक्का
सांगते. आमच्याकडं हे होऊन गेलंय म्हणून सांगते, पुस्तकातलं नाही. टाकी तीन फुटी आहे ते बरं आहे, म्हणजे दीडदोनशे लिटरची आहे, त्यात जोडी आणि बाकीचे थोडे दिवस तरी राहू शकतात पण मध्ये आडोसा पाहिजे. एंजलला समोरचा दिसला की राग येतो, दिसला नाही की तो विसरतो. म्हणून टाकीच्या मधोमध उंच झाडं लाव, वॅलिस्नेरिया, ॲमेझॉन स्वोर्ड, नाहीतर एक मोठं लाकूड उभं कर, असं की ह्या टोकाला उभं राहून ते टोक दिसता कामा नये. सजावट सगळी हलव, एकदा सगळंच उलटंपालटं केलं की कुणाची हद्द कुठली हे त्यांनाच कळत नाही आणि दोनचार दिवस तरी शांतता मिळते. लाइट बंद करून कर हे काम.

आणि दगड घालणार असशील तर शहाबाद फरशीचा तुकडा घालू नकोस, कडप्पा पण नको. आपल्याकडं घर बांधलं की हे तुकडे पडलेले असतात आणि पोरं टाकीत घालतात, छान काळे दिसतात म्हणून. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाणी जड होतं. अंडी घालायला जागा पाहिजे तर साधा पीव्हीसी पाइपाचा तुकडा तिरका उभा कर नाहीतर सिरॅमिक टाइल.

खानापूर_जंगलकाठ
अक्का एकदम बरोबर. आमच्या भागातला जांभा पण घालू नका, त्याची तांबडी माती सुटत राहते आणि फिल्टर तुंबतो.

अथणी_ऊसवाला
दगडाचं सांगितलं ते बरं झालं पण आमच्याकडं पाणीच जड हाय, बोअरचं, काळ्या मातीतलं, भांड्यावर पांढरा थर बसतोय. मग आम्ही एंजल पाळायचेच नाहीत काय? बेळगावात राकसकोप धरणाचं मऊ पाणी मिळतंय तुम्हाला, आमचं कोण ऐकतंय.

खानापूर_जंगलकाठ
पाळा की. आता बाजारात येणारे एंजल पिढ्यानपिढ्या टाकीतच जन्मलेले असतात, जंगलातून क्वचितच कुणी आणतं, त्यामुळं थोडं जड पाणी त्यांना चालतं. पीएच साडेसात असलं म्हणून मरत नाहीत. पीएच खाली आणायच्या बाटल्या ओतत बसू नका, रोज वर-खाली होणारं पाणी जड पाण्यापेक्षा वाईट. फक्त अंड्यातून पिल्लं काढायची असतील तेव्हा जड पाण्यात फळ कमी मिळतं, तेव्हा आरओचं पाणी अर्धं मिसळा.

बेळगावातल्या लोकांचा प्रॉब्लेम वेगळा. पाणी मऊ आहे पण क्लोरीन असतं, आणि बऱ्याच गल्लीत रोज येत नाही, मग आलेल्या दिवशी लोक नळाचा पाइप थेट टाकीत सोडतात. ड्रम भरून एक दिवस उघडा ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाका. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं की पुरे. सगळं पाणी काढून टाकी साबणानं घासून परत भरणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी हे परत परत लिहावं लागतं, फिल्टरमधले जिवाणूच अमोनिया खातात, ते धुऊन टाकले की मासा आपल्याच घाणीत गुदमरतो.

निपाणीकर_पाटील
आता मी पण कामाचं बोलतो. आमच्यात तंबाखूचं काम करणारे घराघरात, आणि माझ्या चुलत्यांनी सांगितलेलं, तंबाखूला हात लावून टाकीत हात घालायचा नाही. निकोटीन माशाला विष आहे. काही देशांत तळ्यातले नको असलेले मासे मारायला तंबाखूची भुकटीच टाकतात. तेव्हा निपाणीत टाकी ठेवणाऱ्यांनी हात कोपरापर्यंत धुवायचे, साबण पण नीट निघाला पाहिजे.

वडगावची_अक्का
हे भारी सांगितलंत हं पाटील. आणि त्याच्यासोबत डासांचं औषध पण. लिक्विडवालं मशीन, कॉइल, स्प्रे ह्यात जे असतं ते माशाला भयंकर वाईट, माणसाला लगेच काही जाणवत नाही म्हणून आपण निवांत. एअर पंप खोलीतली हवा खेचून पाण्यात सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

टायगर_चिकोडी
अक्का मग डास चावले तर काय करायचं 😅

वडगावची_अक्का
मच्छरदाणी लाव, आजी लावत होती तशी.

गोल्डफिश_गोकाक
इतकं कशाला टेन्शन घेता सगळे. माझ्या टाकीत एंजल, गोल्डफिश, दोन शार्क, एक सकर, सगळे एकत्र, हीटर पण नाही, आरामात हायत.

शहापूर_विणकर
किती दिवस झाले?

गोल्डफिश_गोकाक
गणपतीपासून.

खानापूर_जंगलकाठ
मग थंडी यायची आहे अजून. गोल्डफिश गार पाण्याचा मासा, २० च्या आसपास खूश. एंजल पाणी गार पडलं की सुस्त होतो, पंख मिटून कोपऱ्यात उभा राहतो, खाणं सोडतो आणि मग पांढरे ठिपके येतात. जानेवारीत आपल्या जिल्ह्यात रात्री १५ पर्यंत खाली जातं, तेव्हा हीटर नसेल तर एंजल जगला तरी वाढत नाही. लिटरला एक वॅट असा सोपा हिशोब, शंभर लिटरला शंभर वॅटचा हीटर. शिवाय गोल्डफिश घाण भरपूर करतो. आणि तो जो शार्क म्हणून विकतात तो एक फुटाच्या पुढं जातो, पाच इंचाचा असताना गोड दिसतो एवढंच.

सकरबद्दल पण एक. अनगोळकर तुमच्या टाकीत सकर आहे म्हणालात, साधा काळा सकर की ब्रिसलनोज?

अनगोळचा_मासेवाला
साधाच, ठिपक्या ठिपक्यांचा. आता सात-आठ इंच झालाय.

खानापूर_जंगलकाठ
तो पण काढा मग. हा एक फुटाच्या वर जातो आणि मोठा झाला की शेवाळ सोडून चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतो, रात्री एंजलच्या अंगाला चिकटतो. सकाळी एंजलच्या अंगावर गोल फिकट डाग दिसले तर तेच समजा. फाटलेली शेपटी जोडीनं मारली की सकरनं, हे पण बघायला पाहिजे. त्याच्या जागी ब्रिसलनोज आणा, तो चारपाच इंचावर थांबतो. आणि कृपा करून हा सकर मार्कंडेयात नाहीतर राकसकोपला नेऊन सोडू नका, बाहेरचा मासा आहे, नदीत वाढला की आपल्या माशांची जागा खातो. दुकानदाराला परत द्या.

अनगोळचा_मासेवाला
काका, अक्का, अंडी दिसली!!! पाइपावर, अडीचशे-तीनशे तरी असतील. दोघं आळीपाळीनं पंख हलवून वारा घालूलालेत, बघतच राहू वाटतंय. आता काय करू? आईनं मोबाईल काढून शूटिंग केलंय, कालपर्यंत देऊन टाक म्हणत होती ती.

वडगावची_अक्का
अभिनंदन 😄 पण लगेच नातेवाईकांना सांगू नकोस. पहिल्या दोनतीन खेपांची अंडी बहुतेक आईबापच खातात, शिकतात तसे. आणि मोठ्या टाकीत कोरी पण रात्री येऊन चाखतात, त्यामुळं जोडी रात्रभर कोरींना हाणत बसते, कोरीच्या अंगाला इजा झाली का बघत जा. अंडी पांढरी पडली तर फळली नाहीत, त्यावर बुरशी येते. सगळीच पांढरी पडली तर दोन्ही माद्या असू शकतात, एंजलच्या माद्या पण आपसात जोडी करतात आणि अंडी घालतात, बाहेरून कुणाला ओळखता येत नाही. अंडी घालताना पोटाखाली नळी दिसते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. त्याच वेळी बघितलं तर कळतं.

फळली असतील तर दोन-तीन दिवसांत फुटतात, मग शेपट्या वळवळताना दिसतात, आठवड्याच्या आसपास पोहायला लागतात. तेव्हा खायला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, ताजी पिल्लं लागतात, फ्लेक्स कुस्करून टाकलं की पाणी खराब होतं.

अनगोळचा_मासेवाला
सकाळी बघितलं तर पाइप स्वच्छ. एक पण नाही. आणि दोघं अजून रागातच हायत, आता तर तिघांना खायलाच देईनात.

खानापूर_जंगलकाठ
आता निर्णय घ्या. त्या तिघांना टाकीत ठेवून चालायचं नाही, दोनतीन आठवड्यांनी परत अंडी येणार आणि परत हेच. आणि तीन हा आकडाच वाईट, जोडी काढली तरी उरलेल्या तिघांत दोन मिळून एकाला धरतात. एक तर जोडीला वेगळी टाकी द्या, २ बाय १ बाय दीड पण चालेल, उंची मात्र दीड फूट हवीच, कारण एंजल पंखासकट आठ-नऊ इंच उंच होतो आणि एक फुटाच्या टाकीत त्याचे पंख वाकतात. नाहीतर जोडी इथंच राहू द्या आणि तिघांना बाहेर काढा. मला विचाराल तर जोडी हलवा. स्पंज फिल्टर लावा, जोराचा प्रवाह एंजलला सोसत नाही, आणि पावसात लाइट गेली की बॅटरीचा एअर पंप लावता येतो. आमच्याकडं पावसाळ्यात रात्रच्या रात्र लाइट नसते, त्या पंपावरच टाकी चालवतो.

मग मोठ्या टाकीत नवीन लहान एंजल सोडायला हरकत नाही, पण मोठ्या तिघांसोबत नाही, ते तिघं आधी द्यायचे आणि नंतर पाचसहा सारख्या मापाचे एकत्र. एकत्र वाढलेले असले की लहानपणीच त्यांच्यात कोण वर कोण खाली ठरतं, तेवढीच ढकलाढकली. नंतर जोडी जमली की बाजूला काढायची तयारी ठेवायची. एंजलच्या टाकीत शांतता एकदा बसवली की कायमची राहते असं नाही, जोडी जमेपर्यंत राहते. दुसरी टाकी नसेल तर एकच एंजल ठेवा, आरामात राहतो. नाहीतर पर्ल गुरामी ठेवा, तो खरा शांत मासा.

शहापूर_विणकर
एक एंजल हे मला पण पटतं. पण लोकांना घोळका पाहिजे असतो.

वडगावची_अक्का
आणि त्या फाटलेल्या शेपटीला आत्ताच औषध नको. पाणी स्वच्छ ठेवलं की भरून येते. मीठ तर नकोच, कोरी हायत त्यात, त्यांना मीठ सोसत नाही. कडेला पांढरं कापसासारखं दिसलं तरच औषध, आणि तेव्हा त्याला वेगळ्या बादलीत काढून.

अनगोळचा_मासेवाला
ठरलं. दोन फुटी टाकी करून घेतो, काचवाल्याला माप दिलंय, आई म्हणते ती टाकी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेव. तोपर्यंत मध्ये प्लास्टिकची जाळी उभी केलीय, तिघं खाऊ लागलेत. सकर दुकानात परत दिला, त्यानं तोंड वाकडं केलं पण घेतला. आता ते तीन एंजल कुणाला पाहिजेत काय? पैसे नकोत, टाकी मात्र मोठी पाहिजे, गोल्डफिश नको.

गोल्डफिश_गोकाक
मला बोललास काय रे? 😒

निपाणीकर_पाटील
माझी चार फुटी टाकी रिकामी आहे आणि सायकल पूर्ण झालेलीय, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू तयार झालेत, अमोनिया शून्य दाखवतोय. पण निपाणीपर्यंत आणायचे कसे, बसमध्ये चालतंय काय?

खानापूर_जंगलकाठ
चालतंय. एका पिशवीत एकच मासा, मोठा एंजल दुसऱ्याला काटा मारतो आणि पिशवीला पण भोक पाडतो, म्हणून डबल पिशवी. एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा. आदल्या दिवशी खायला देऊ नका म्हणजे पाणी घाण होत नाही. पिशव्या पेपरमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, अंधारात मासा शांत राहतो. पोचल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्या दिवशी लाइट लावू नका.

निपाणीकर_पाटील
रविवारी येतो मग, सकाळच्या गाडीनं. हात धुऊन येतो, काळजी नको 😄 तिघांत रंग कुठले आहेत?

अनगोळचा_मासेवाला
एक कोई, दोन झेब्रा. शेपटी फाटलेला झेब्रातलाच.

टायगर_चिकोडी
पाटीलमामा कोई मला द्या की, मी टायगर बार्ब आणत नाही, शप्पथ.

निपाणीकर_पाटील
तुझी टाकी किती फुटी हाय ते आधी सांग.

टायगर_चिकोडी
दीड फूट.

निपाणीकर_पाटील
उंची?

टायगर_चिकोडी
उंची नव्हे ओ, लांबी 🙈